मापांची वही

दोडामार्गच्या बाजारात माझ्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा तुटला, आणि ही हकीकत घडली. नाहीतर त्या प्रवासात सांगण्यासारखं फार नव्हतं. तीन दिवस तिळारीच्या खोऱ्यात फिरले, धरण पाहिलं, हत्तींनी मोडलेले माड आणि केळी पाहिल्या. 2002 साली कर्नाटकातून हे हत्ती उतरले, तेव्हापासून इथल्या बागायतदाराची रात्रीची झोप गेली ती गेलीच. धरणाच्या भिंतीपाशी मी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. त्या पाण्याखाली कुणाची तरी भातशेती आहे, हे मनातून जात नाही.

मे संपत आला होता. बाजारात फणसाचा वास कोंदला होता आणि गोव्यात कामाला जाणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली नाक्याकडं धावत होत्या. ज्या दुकानात पट्टा शिवून मिळेल का म्हणून विचारलं, तिथल्या माणसानं गिऱ्हाईक बाजूला ठेवून मला रस्ता दाखवला.

"त्या किरिस्तांवांच्या घराकडे जावा. पण काय ता आजच करून घेवा. फाल्या ती नसतली."

'नसतली' म्हणजे काय, हे तिथं गेल्यावर कळलं. उतरत्या कौलांचं घर, पुढं क्रूस आणि तुळशीसारखा चौथरा, अंगणात चटयांवर सुकत घातलेली रातांब्याची सोलं. पडवीत पायानं चालवायचं शिलाई मशीन. मशीनवर चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, तिच्या उजव्या हाताला कपड्यांचा ढीग आणि समोर पाटावर शेजारची एक सोळा-सतरा वर्षांची पोर, कपाळावर टिकली, हातात शाळेची दोनशे पानी वही. मशीनवरच्या मुलीला घरचे बाय म्हणत होते, म्हणून मीही इथं बायच म्हणते.

पट्टा हातात घेऊन तिनं उलटसुलट पाहिला. "होईल. पण अकरा ब्लाउज आधीचे आहेत. थांबाल?"

शिंप्याकडं वाट बघायला मला आवडतं. कापड कसं हातातून फिरतं ते बघता येतं. मी पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाय मठात जाणार होती. सिस्टर व्हायला. त्यांच्याकडं याला पाचारण म्हणतात. तो शब्द ती अगदी सहज उच्चारत होती, जसं आपण नोकरीचा हुकूम आला म्हणतो. बारावीनंतरच तिला जायचं होतं. तिकडच्या सिस्टरांनीच सांगितलं, थांब, आधी चार पैसे मिळव, चार माणसांत राहा, मग बघू. मग ती शिवण शिकली, म्हापशाला एका दुकानात कामाला राहिली, परत येऊन पडवीत मशीन मांडलं. सहा वर्षं झाली. बोलावणं गेलं नाही.

खरं सांगायचं तर मला हे ऐकून राग आला. मठाच्या भिंतींविषयी माझ्या मनात पूर्वीपासून अढी आहे. हातात कसब असलेली, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मुलगी आपणहून सगळं देऊन टाकते, हे मला सोसवत नाही. मी विचारलं, तिथं शिवणकाम करू देतील ना?

"सांगता येत नाही. शाळेत पाठवतील, दवाखान्यात पाठवतील. आज्ञापालन हेही एक व्रत आहे." दोरा दातानं तोडून ती पुढं म्हणाली, "लगेच काही होत नाही हो. आधी शिकाऊ म्हणून राहायचं. मग निदान एक वर्ष पूर्ण नवशिकी. मग पहिली व्रतं, ती काही वर्षांपुरतीच. कायमची व्रतं त्याच्याही पुढं. तोवर परत यायला दार उघडं असतं."

दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. पहिली दोन व्रतं मला समजतात. तिसऱ्यापाशी मी अडते, आणि ती मात्र त्याच्याविषयीच सर्वांत शांतपणे बोलत होती.

पोरीच्या हातातली वही मापांची होती. सहा वर्षांत गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या बायकांची मापं तीत उतरली होती. छाती, कंबर, बाही, गळ्याची खोली. मशीन आणि वही दोन्ही त्या शेजारच्या पोरीला मिळणार होती. शिवता शिवता बाय तिला जे वहीत नव्हतं ते सांगत होती. अमक्या मावशीचा डावा खांदा उतरता आहे, डोक्यावरून पाणी वाहून झाला आहे, पण तो तिला बोलून दाखवायचा नाही, शिवण नुसती पाव इंच जास्त दाबायची. तमकीला गळा मोठा हवा असतो, सासूसमोर मात्र लहान सांगते, तेव्हा एकटी असताना परत विचारायचं. पोर मान डोलवत होती आणि शिसपेन्सिलीनं समासात खुणा करत होती.

"सोनं दिलं, मोबाइल भावाला दिला, काही वाटलं नाही," बाय म्हणाली. "काल ही वही देताना हात मागं आला."

आतल्या खोलीत वेदीवर मारियेच्या मूर्तीशेजारी संत जुजे वाझची तसबीर होती. त्याच्या गोष्टीत मी पूर्वी कधीतरी अडकले होते, ती अजून सुटलेली नाही. बाणावलीला 1651 साली जन्मलेला, कोकणी बोलणारा हा ब्राह्मण घराण्यातला पाद्री. 1677 साली त्यानं मारियेचा दास म्हणून स्वतःचं दासपत्र लिहून दिलं. त्या काळी सिलोनच्या किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि कॅथलिक पाद्र्यांना तिथं बंदी होती. 1686 साली यानं गोवा सोडला आणि पुढच्या वर्षी पाद्र्याचा झगा उतरवून, अनवाणी, हमालाच्या वेषात तो जाफन्याला उतरला. पुढं कँडीला हेर समजून त्याला कैदेत टाकलं. 1697 साली देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना टाकून पळाले, हा त्यांच्या उशाशी बसला. 1711 साली तिथंच वारला, गोव्याला परतला नाही. पोपनं 2015 साली कोलंबोत त्याला संतपद दिलं. मला त्याचा झगा उतरवणं महत्त्वाचं वाटतं. ज्या बोलावण्यासाठी तो निघाला होता, त्याची खूणच त्याला आधी टाकावी लागली.

आपल्या मराठीतही असा एक माणूस आहे, आणि त्याच्यावर माझं प्रेम आहे तितकाच रागही आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. 1917 साली त्यांनी अमेरिकन मिशनचं कामही सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. म्हणजे एकदा सोडून भागलं नाही. पण त्यांच्या पत्नीचं 'स्मृतिचित्रे' वाचताना माझी नजर सारखी त्या लक्ष्मीबाईंकडंच जाते. घर, गोत, सोवळं टिळकांनी आपल्या इच्छेनं सोडलं. लक्ष्मीबाईंचा नवरा मात्र त्यांना न विचारता सुटला. पुढं त्या नवऱ्याकडं गेल्या, सोवळं त्यांनी स्वतःच्या विचारानं एकेक करत टाकलं, 1900 साली बाप्तिस्मा घेतला, टिळकांमागं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. हे सगळं खरं. तरी मधली ती वर्षं कुणी भरून देत नाही.

म्हणून बायच्या आईकडं मी सकाळपासून बघत होते.

अकराच्या सुमारास तिनं पेजेला बोलावलं. उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा, ओल्या खोबऱ्याची चटणी, फणसाची भाजी. पेजेसारखं अन्न मला दुसरं आवडत नाही, आणि त्या दिवशी ती घशाखाली नीट उतरली नाही. आई कुणाकडं न बघता वाढत होती. मी फणसाच्या भाजीचं कौतुक केलं तेव्हा म्हणाली, "तिका आवडता म्हणान केलंय." तेवढंच.

जेवून पुन्हा पायरीवर आले. ब्लाउज एकेक हातावेगळे होत होते, पोर घड्या घालून नावाच्या चिठ्ठ्या टाचत होती, तरी ढीग तेवढाच दिसत होता. मला वाटलं माझीच चूक होते आहे. मग आई आतून आली आणि ढिगाखाली एक उशीचा अभ्रा सारून परत गेली. थोड्या वेळानं जुना परकर. मग लहान मुलीचा एक फिकट गुलाबी फ्रॉक, जो आता त्या घरात कुणालाच होणार नव्हता.

बायनं फ्रॉक उचलून पाहिला. "आये, ह्या कोणाचा?"

"तुजाच," आतून आवाज आला. "काखेत उसावला हा."

बायनं काही म्हटलं नाही. फ्रॉक उलटा केला, गुलाबी दोरा शोधून सुईत ओवला आणि काखेची शिवण घातली. दोनदा घातली. मग घडी करून बाजूला ठेवला, त्याच्यावर चिठ्ठी लावली नाही.

चारला माझ्या पिशवीची पाळी आली. तिनं पट्ट्याला आतून जाड कापड लावलं आणि चौकोनात तिरप्या रेघा मारून तो असा पक्का केला, की आज दोन वर्षांनीही तो हललेला नाही. पैसे देऊ लागले तर तिनं पोरीकडं बोट दाखवलं. "गल्ला आता तिचा." पोरीनं वीस रुपये घेतले, मशीनला लावले, कपाळाला लावले.

मी अंगण ओलांडून फाटकापाशी आले. मागं मशीन परत सुरू झालं होतं. वळून पाहिलं तर आई दारात उभी होती, दोन्ही हातांवर खिडकीचे पडदे घेऊन, आणि बाय न बोलता ढिगावर त्यांच्यासाठी जागा करत होती.