मोगराळे घाटात ‘मिसिंग’!

पुण्याहून फलटण, पुढे मोगराळे घाट चढला की माण. आमची जुनी टर्बो पेट्रोल मात्र घाटातच रुसली. हळू चालवली तर गुणी बाळ. ॲक्सिलरेटर दाबला की झटके आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुक!

दहिवडीच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग. त्यांनी दोन आणि तीनच्या कॉइल अदलाबदल केल्या; मिसिंग तीनवर गेलं. “कॉइल वीक झालीय साहेब. टर्बोचा दाब वाढला की ठिणगीच पडंना. नवी बसवेपर्यंत दाबू नका, न जळलेल्या पेट्रोलनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाईल.”

मग चाळीसच्या स्पीडने शिखर शिंगणापूर. दुष्काळी म्हणून फक्त पेपरात वाचलेला माण पहिल्यांदाच नीट पाहिला: उघडे माळ, मेंढरं, डोंगरावरचं शंभू महादेवाचं देऊळ. तुम्हीही जा. फक्त निघण्याआधी प्लग, कॉइल तपासून घ्या!