आईच्या ओव्या आणि जुना लॅपटॉप

आज पिकाचं नाही, आवाजाचं लिहितोय. आईला जात्यावरच्या ओव्या येतात, कुठंच लिहिलेल्या नाहीत. वय 78. दम आता पुरत नाही. म्हणून 4 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप कामाला लावला.

जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, यूएसबी माईक घेतला. ऑडासिटी फुकट मिळतं. रेकॉर्डिंगवेळी वाय-फाय आणि बाकीचे प्रोग्राम बंद. आवाजात तडतड आली तर बफर वाढवा. आई हेडफोन लावत नाही, त्यामुळं आवाज थोडा मागं पडला तरी बिघडत नाही. घरघर येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. वरचा सूर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल रेषेला लागून फाटलेला आवाज नीट सांधता येत नाही. भिंतीला गोधड्या टांगा, घुमत नाही.

फाईल वॅवमध्येच ठेवा. 44.1 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनोला मिनिटाला साधारण 8 एमबी लागतात. वॅव म्हणजे बियाणं, एमपी थ्री म्हणजे पीठ. व्हॉट्सॲपवर पीठ पाठवा, पण पिठातनं बी परत मिळत नाही. बियाण्यासारखीच दोन ठिकाणी जपा.

41 ओव्या झाल्या. आई म्हणते, अजून लई हायेत. तुमच्या घरात कुणी गाणारं असेल तर पेरणीच्या आधी उरकून घ्या.