मॉनिटर पाहावा घेऊन

आयटीत नोकरी लागली की नातेवाइकांत तुम्हाला एक कायमचं बिनपगारी पद मिळतं. काकांचा प्रिंटर कागद ओढत नाही, आत्याच्या फोनमधली जागा संपली, शेजारच्यांचं वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही... सगळे अर्ज आपल्याकडे. आपण हापिसात बसून बँकेच्या सॉफ्टवेअरमधलं जावा दुरुस्त करतो, वायफायशी आपला संबंध इतरांइतकाच, हे सांगून काही उपयोग नसतो. "तुला नाही कळणार तर कुणाला?" हे वाक्य तयारच असतं.

बहुतेक अर्ज पाच मिनिटांत निकाली निघतात. यंदाचा एक मात्र चांगले दोन वीकांत खाऊन गेला. अर्जदार: माझा भाचा, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. अर्जाचा विषय: गेमिंगसाठी मॉनिटर. वर्षभर नववी-दहावीच्या पोरांना गणित शिकवून त्याने २२ हजार रुपये साठवले होते. आयुष्यातली पहिली कमाई. आणि त्याला त्यातून २४० हर्ट्‌झचा मॉनिटरच हवा होता. का? तर "मामा, व्हॅलोरंटमध्ये सहा महिने सिल्व्हरला अडकलोय. माझा मॉनिटर ६० चा आहे ना. समोरचा मला आधी बघतो."

लगेच ताईचाही फोन. "तू त्याला समजाव. ते पैसे बँकेत राहू देत. तुझं ऐकतो तो."

आता आली का पंचाईत! पैसे पोराचे, काळजी आईची आणि निकाल द्यायचा मामाने. म्हटलं, आधी हिशोब तरी करू.

हर्ट्‌झ म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा. ६० हर्ट्‌झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. १४४ ला ६.९, २४० ला ४.२ आणि ३६० ला २.८. वजाबाकी करून बघा. ६० वरून १४४ वर गेलात की जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेलात की पावणेतीन. तिथून ३६० वर गेलात तर दीडसुद्धा नाही. किंमत मात्र दर पायरीला इमानेइतबारे वाढते. आणि समोर काहीतरी हललं हे दिसल्यापासून बोटाने बटण दाबेपर्यंत धडधाकट तरुण माणसाला साधारण २०० मिलिसेकंद तरी लागतात. त्या २०० पुढे पावणेतीनचं काय ते तुम्हीच ठरवा.

पण मग ६० वरून १४४ वर गेलेला प्रत्येक जण "आता परत जाणं अशक्य" असं का म्हणतो? कारण खरा फरक त्या १० मिलिसेकंदांच्या लवकर दिसण्यापेक्षा चित्र हलताना स्पष्ट दिसण्यात आहे. एलसीडी मॉनिटर एक चित्र दाखवतो आणि पुढचं येईपर्यंत तेच धरून ठेवतो. आपला डोळा मात्र हलणाऱ्या गोष्टीमागे सलग फिरत असतो. चित्र थांबलेलं, डोळा चाललेला, त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर ते फासलं जातं. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा समजा कुणी २ सेकंदांत पार केला, म्हणजे सेकंदाला ९६० पिक्सेल, तर ६० हर्ट्‌झला तो १६ पिक्सेल फासलेला दिसेल. १४४ ला साधारण ७, २४० ला ४.

ज्यांनी जुने काचेचे सीआरटी मॉनिटर पाहिलेत त्यांना आठवत असेल, त्यात हा प्रकार नव्हता. तिथे प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा, फासायला वेळच नाही. २००३ साली काउंटर-स्ट्राइक १.६ आलं, त्यानंतरही कित्येक वर्षं मुरलेले खेळाडू ते १५-२० किलोचं धूड टेबलावरून हलवायला तयार नव्हते, त्याचं एक कारण हे. लोकांना वाटायचं, जुन्याचा मोह. मोह नव्हता, डोळे होते.

आता दुसरी बाजू. मॉनिटर दाखवेल हो २४० चित्रं, पण ती काढणार कोण? ग्राफिक्स कार्ड. भाच्याकडे २०१९ सालचं जीटीएक्स १६५० आहे. एका शनिवारी आम्ही बसून मोजलं. व्हॅलोरंट तसा हलका खेळ, तो सेकंदाला १५० च्या आसपास फ्रेम देत होता, धुमश्चक्रीत त्याहून कमी. सायबरपंक २०७७ लावला तर ४० ला धाप लागली. २४० चा मॉनिटर घेतला असता तर आठ पदरी रस्त्यावर लुना चालवल्यासारखं झालं असतं.

बरं, फ्रेम अशा कमी-जास्त होत असल्या की आणखी एक भानगड होते. मॉनिटर ठरल्या वेळी चित्र उचलतो. कार्डाचं नवं चित्र तेव्हा अर्धवट आलेलं असलं, तर वरचा भाग एका चित्राचा आणि खालचा दुसऱ्याचा, मध्ये फाटल्यासारखी रेघ. यावर जुना इलाज व्ही-सिंक. व्ही-सिंक म्हणजे लोकल. वेळेत फलाटावर आलात तर ठीक, एका सेकंदाने चुकलात तर पुढची येईपर्यंत उभे राहा. नवा इलाज अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक. ही शेअर रिक्षा. फ्रेम भरली की निघाली! मॉनिटरच कार्डासाठी थांबतो. एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक आणलं तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा महागडा भाग लागायचा. पुढच्या वर्षी 'व्हेसा' या संस्थेने हीच सोय डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातली, एएमडीचं फ्रीसिंक त्यावर उभं राहिलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही असे साधे मॉनिटर चालवून घ्यायला सुरुवात केली. आज स्वस्तातल्या गेमिंग मॉनिटरमध्येही ही सोय असते. मध्यम कार्डवाल्याला २४० या आकड्यापेक्षा हिचा उपयोग जास्त.

मग रिझोल्यूशन. इथे साधा गुणाकार करा. १९२० × १०८० म्हणजे २०.७ लाख पिक्सेल. २५६० × १४४० म्हणजे ३६.९ लाख. आणि फोर-के म्हणजे ८२.९ लाख, पहिल्याच्या बरोब्बर चौपट. दर फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचे, तेही कार्डानेच. शिवाय पडद्याचा आकार बघायचा. १०८० चं चित्र २४ इंचांवर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल देतं. तेच २७ इंचांवर ताणलं की ८२ उरतात आणि अक्षरांच्या कडा दिसायला लागतात. २७ इंच घ्यायचाच असेल तर १४४० चा घ्या (१०९ पिक्सेल, झकास दिसतो), पण मग कार्ड तसं हवं.

यानंतर पॅनेल. मॉनिटरचं माहितीपत्रक हे लग्नाच्या बायोडेटासारखं वाचायचं असतं. 'वर्ण गव्हाळ' म्हणजे काय हे जसं आपल्याला अनुभवाने कळतं, तसंच '१ एमएस' म्हणजे काय हेही शिकावं लागतं. हा १ मिलिसेकंद बहुतेक वेळा सगळ्यात आक्रमक सेटिंगवर, सगळ्यात सोयीच्या दोन छटांमध्ये मोजलेला असतो. ते सेटिंग खरंच लावलं तर हलणाऱ्या वस्तूमागे उलट्या रंगाची भुतं दिसतात. आकड्यासमोर 'एमपीआरटी' लिहिलं असेल तर तो पिक्सेलचा वेगच नव्हे, मागचा दिवा उघडझाप करून साधलेला परिणाम. 'एचडीआर ४००' हा असाच एक गव्हाळ वर्ण. व्हेसाच्या डिसेंबर २०१७ च्या प्रतवारीतली ही सगळ्यात खालची पायरी. दिव्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची अट तिच्यात नाही, मग काळा काळा कसा दिसणार?

पॅनेलच्या मुख्य जाती चार. टीएन: चपळ आणि स्वस्त, पण जरा मान हलवली की रंग बदलतात. आयपीएस: १९९६ साली हिताचीने बाजारात आणलेलं तंत्र, कुठूनही बघा, रंग तेच. काळा मात्र अंधारात थोडा राखाडी. व्हीए: काळा रंग छान, कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ला १ (आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास), पण स्वस्त व्हीएमध्ये गडद रंग हलताना काळ्या शाईसारखे ओघळतात. आणि ओलेड: प्रत्येक पिक्सेल स्वतःच दिवा. वेगात आणि काळ्या रंगात त्याला तोड नाही. २०२२ साली डेलच्या एलियनवेअरचा ३४ इंची ओलेड आला आणि गेमवाले वेडे झाले. पण ज्या पडद्यावर सोमवार ते शुक्रवार तोच टास्कबार आणि तीच कोडची खिडकी आठ-दहा तास उभी असते, तिथे तिचा ठसा कायमचा उमटण्याची धास्ती राहते. आपल्यासारख्यांनी ओलेड घ्यावा तर त्यासाठी दुसरा मॉनिटरही टेबलावर असावा.

इथे भाच्याला मी एक प्रश्न विचारला. "आठवड्यात खेळतोस किती आणि या पडद्यावर अभ्यास-कोडिंग करतोस किती?"

"मामा, खरं सांगू का आईला सांगतो ते सांगू?"

खरं निघालं ते असं: खेळ १० तास, काम २० च्या पुढे. म्हणजे गेमिंगसाठी घ्यायचा मॉनिटर दोन तृतीयांश वेळ अक्षरं दाखवणार होता. निकाल तिथेच अर्धा लागला. टीएन बाद, स्वस्त व्हीए बाद, २७ इंचांवर १०८० बाद.

आता उरला रँक. त्याचे रेकॉर्ड केलेले चार सामने मी बघितले. मी काही मोठा खेळाडू नाही, पण दिसायचं ते दिसलं. कोपऱ्यावर वळताना क्रॉसहेअर जमिनीकडे. एकदा गोळी चालवली की त्याच जागी उभा. साथीदार एका बाजूला, हा एकटा दुसऱ्या बाजूला शौर्य गाजवायला. समोरच्याने याला आधी पाहिलं हे खरंच, पण त्यातली बहुतेक वेळा दहा मिलिसेकंदांची नव्हती, चांगल्या दीड-दोन सेकंदांची होती.

हे त्याला सांगावं का? मला वाटतं सांगायलाच हवं. वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांना त्रैराशिक शिकवून जमवलेले पैसे तो रँकसाठी घालणार होता, आणि मॉनिटर रँक विकत नाही. महिनाभराने तो सिल्व्हरलाच असता आणि मग पुढचा संशय माउसवर, त्यानंतर खुर्चीवर. म्हणून स्पष्ट सांगितलं. "मॉनिटरने तुला दिसेल चांगलं. कुठे बघायचं ते तुलाच शिकावं लागेल." दहा मिनिटं गाल फुगले होते. मग त्याने स्वतःच तो तिसरा सामना पुन्हा लावला.

ताईला सांगायचं होतं ते वेगळं. तिला म्हटलं, त्याने पैसे मागितले असते तर तू म्हणतेस ते मी ऐकलं असतं. त्याने ते मिळवलेत. शनिवारी रात्री तो ज्या चौघांबरोबर खेळतो ते शाळेपासूनचे मित्र आहेत. एक नागपूरला, एक सुरतला, एक जर्मनीला, एक इथेच पण दुसऱ्या कॉलेजात. आमच्या वेळी कट्टा होता, चहा होता. या पोरांचा कट्टा तो आहे. पहिली कमाई कट्ट्यावर थोडी उडवली तर बिघडलं कुठे? ताई म्हणाली, "थोडी म्हणजे किती ते सांग." ही आमची ताई.

थोडी म्हणजे २४ इंच, १०८०, आयपीएस, १६५ किंवा १८० हर्ट्‌झ, अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक, आणि उंची कमी-जास्त होणारा स्टँड. (स्टँडकडे कुणी बघत नाही, मान मात्र रोज बघते.) असा मॉनिटर १२ हजारांच्या आतबाहेर मिळाला. उरलेले पैसे बँकेत, दोन्ही पक्ष खूश :-)

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर दोन-तीन गोष्टी. दुकानातला पडदा भडक दिव्यांखाली भडक सेटिंगवर लावलेला असतो, त्यावरून रंग ठरवू नका. एखादा पिक्सेल मेलेला निघाला तर बदलून मिळतो की नाही, आणि किती मेल्यावर मिळतो, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. केबल डिस्प्लेपोर्टची वापरा. बऱ्याच मॉनिटरांत एचडीएमआयवरचा कमाल वेग कमी असतो, माहितीपत्रकात दोन्ही आकडे वेगळे छापलेले असतात.

आणि घरी आणल्यावर पहिलं काम: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतःच्या हाताने निवडा. नवा मॉनिटर जोडला की पुष्कळदा विंडोज गुपचूप ६० वर बसतं. महिनाभर बाजार पालथा घालून आणलेला १८० चा मॉनिटर मग वर्षानुवर्षं ६० वर चालतो आणि मालक चारचौघांत सांगत फिरतो, "काही फार फरक नाही रे, सगळं मार्केटिंग असतं."