क्रम बदलला तरी

आमच्या मौद्याकडे ‘मायनं पोराले बोलावलं’ असे म्हणतात. ही तीन पदे फिरवून पाहा. सहा क्रम होतात. ‘पोराले मायनं बोलावलं’, ‘बोलावलं मायनं पोराले’. बोलण्याचा जोर बदलतो, पण बोलावणारी मायच राहते. ‘नं’ आणि ‘ले’ आपापले माणूस सोडत नाहीत. इंग्रजीत मात्र कर्ता-कर्माच्या जागा बदलल्या, की बोलावणाराच बदलतो.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) असा हिशेब देवांवर मांडला आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म यांचे क्रम २४. तेथे क्रम बदलला, की मूर्तीचे नावही बदलते: केशव, नारायण, माधव... याउलट १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकण मोजले ते असे, की दोन कणांची अदलाबदल ही नवी स्थिती धरायचीच नाही.

ही दृष्टी २०१७ मध्ये लंडनचे पदार्थवैज्ञानिक रामगुलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेला लावली. विशेषण किंवा क्रियापद म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता. त्यातील ओळी व रकाने कोणत्या क्रमाने लावायचे, हे माणसाच्या सोयीचे. अर्थाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून दोन्हींचा क्रम सारखाच बदलूनही टिकतात, उदाहरणार्थ कर्णावरील आकड्यांची बेरीज, त्याच राशी ते विचारात घेतात.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्या तोंडून ‘ले’ निघाला, की अजूनही कुणीतरी हसते. हसोत. शब्द कितीही उलटेपालटे झाले तरी अर्थ धरून ठेवायचा, हे काम ‘ला’ जितके चोख करतो, तितकेच ‘ले’ही करतो.