वारं होतं का?

रावेरच्या बाजारात श्रावणातल्या दुपारी पाऊस लागला, की निम्मी दुकानं उघडी असून बंदच असतात. मालक गल्ल्यावर असतो, पण गिऱ्हाइकाकडे त्याचं लक्ष नसतं. मान बाहेर काढून तो आभाळ बघतो. गर्दी असली तर कृषी केंद्राच्या ओट्यावर. तिथं चार-सहा जण खताच्या गोणीची खोळ डोक्यावरून न काढताच उभे. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, काय निवांत गाव आहे! निवांत कसलं? सगळे वाऱ्याचा अंदाज घेताहेत.

पावसाचं इथं कुणाला भय नाही. मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघालेला हा केळीचा मुलूख. त्याला पाऊस हवाच असतो. धास्ती वाऱ्याची. केळ हे झाड नव्हेच. पानांच्या बुडांची एकावर एक गुंडाळी, आत लाकूड नावालाही नाही. वर भरला घड लोंबत असला की वावटळीचा एक झपाटा पुरतो आणि वर्षभर लेकरासारखी जपलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते. आणि वारा नसला, नुसती भुरभुर आणि ढगाळ हवा आठवडाभर राहिली, तर नव्या लागवडीवर हरण्या रोग येतो. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसले की ते रोप उपटून लांब नेऊन पुरायचं, दुसरा इलाज नाही. ज्याला पावसावर कविता सुचते, त्याच्या नावावर सातबारा नसावा, असं मला या गावात हमखास वाटतं.

मेन रोड सोडून जुन्या गावात शिरलं, की पागोळ्यांचा आवाज वाढतो. गाव जुनंच; १७६३ मध्ये निजामाकडून ते पेशव्यांकडे आणि पेशव्यांकडून होळकरांकडे गेलं. इंग्रजांच्या गॅझेटियरात रावेरची ओळख आहे ती जरीच्या कलाबतूसाठी. केळीचं राज्य नंतरचं. (थोरले बाजीराव १७४० मध्ये वारले ते मात्र रावेरखेडीला, तिकडे नर्मदेकाठी. नावावरून गल्लत करून इथं समाधी विचारणारे भेटतात म्हणे.)

स्टेशन रोडच्या बाजूला ताडपत्रीखाली वेफर्सची कढई रटरटत होती. पावसात खरं जिवंत होतं ते एवढंच. कारागीर सोललेलं हिरवं केळं किसणीवर धरतो आणि किसणी थेट कढईवर. चकत्या ताटात पडत नाहीत, तेलातच पडतात. मग मिठाच्या पाण्याचा एक शिपका. तेल तडतडून उसळतं, आवाज उतरला की झारा फिरतो. त्याची बोटं चिकानं काळी पडलेली. केळीचा हा चीक कपड्याला लागला की धुवून जात नाही. कापणीवरच्या मजुराचा सदरा लांबून ओळखू येतो. गरम वेफर्स कागदात घेतले. पुड्यातल्यांना ही चव नाही, हे मी भांडूनसुद्धा सांगेन.

शेजारी बोर्डाची चर्चा चालू होती. बोर्ड म्हणजे केळीचा त्या दिवसाचा जाहीर भाव. श्रावणात उपासांमुळे मागणी वाढते. भाव चांगला आणि माल बागेत चिखलात अडकलेला, असा हा महिना. रेल्वेमुळे इथली नजर दिल्लीकडे लागली, आता आखातापर्यंत पोचली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या संस्थेच्या नावावर. २०२१ मध्ये त्याच तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला गेली. पण ट्रक बागेच्या बांधापर्यंत जायला वाट वाळावी लागते, त्याला मानांकन काय करणार!

तेवढ्यात पाल गावाकडून एक मोटारसायकल आली. सातपुड्याच्या अंगानं येणारा माणूस म्हणजे इथं वेधशाळाच. चालवणारा नखशिखांत भिजलेला. त्यानं गाडी स्टँडला लावायच्या आत कृषी केंद्राच्या ओट्यावरून हाक गेली,

"काय भो, तिकडे वारं होतं का?"

"वारं नाई. नुसतं पानी."

"किती?"

"नाले भरून चालले."

ओट्यावरचे दोघं लगेच खोळ सावरून घरी निघाले. तिसऱ्यानं चहा सांगितला, आणि वेफर्सवाल्याला म्हणाला, मीठ जरा कमी टाक.