निवेदकाचा आवाज कुणाकडे द्यायचा?

कादंबरीवर पटकथा लिहायला घेतली की पहिला प्रश्न येतो, ‘काय काय गाळणार?’ मला तो दुय्यम वाटतो. चार प्रसंग गाळले तरी कादंबरी तगते. तिचा निवेदक मात्र पडद्यावर येताच मुका होतो. त्याला जे जे ठाऊक होतं ते आता कोण सांगणार, हे आधी ठरवावं लागतं.

‘जैत रे जैत’मध्ये (1977) जब्बार पटेलांनी हे फार सुंदर सोडवलं. गो. नी. दांडेकरांची गद्य कादंबरी. तिच्या निवेदनाचा भार त्यांनी गाण्यांवर टाकला. नाग्याचं राणीमाशीशी वैर, चिंधीचा जीव त्याच्यात अडकणं, हे संवादांत घातलं असतं तर पोकळ झालं असतं. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली यांमुळे सगळी ठाकरवाडीच गोष्ट सांगते आहे असं वाटतं.

हे महानोर आमच्या जिल्ह्यातल्या पळसखेडचे. त्यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेवर नितीन चंद्रकांत देसाईंनी 2012 साली सिनेमा केला. इथं कोडं उलटं होतं, कारण कवितेत आवाज हेच सर्वस्व. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारनं पाठवलेला रॉबर्ट गिल, आणि त्याची प्रेयसी पारो. तिच्याबद्दल इतिहास फार थोडं बोलतो. अजिंठा गावात कबर आहे, मृत्यूचं साल 1856. कवितेला एवढं पुरतं, पटकथेला पुरत नाही. दोघं कुठल्या भाषेत बोलत? लेण्यात उजेड कुठून येई? देसाई मुळातले कलादिग्दर्शक, त्यामुळे डोळ्यांना भरभरून मिळतं. पण पारोला चेहरा, पोशाख, दागिने मिळाले की वाचकाच्या मनातली पारो मागे सरते. तो तोटा मला मोठा वाटतो. गाणं सुरू झालं की कविता परत येते. शब्द महानोरांचेच ना!

मला गिल आणि पारोची पहिली भेट लिहायची असती तर गिल पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी उतरवत बसला असता. पारो त्याच्या चित्राकडे बघून तिच्या बोलीत विचारते, ‘हे नेऊन ठेवणार कुठं?’ त्याला कळत नाही. तो नुसती मान डोलावतो. त्या नकला विलायतेला गेल्या आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. कवी हे एका ओळीत सांगून मोकळा होईल. मला मात्र तो प्रश्न इथंच पेरावा लागेल. पुढे, पारो गेल्यावर, गिलच्या हातात आगीची बातमी पडेल तेव्हा प्रेक्षकाला तो आपसूक आठवला पाहिजे, एकही शब्द न बोलता.