मनीसह, रस्त्यानं

उद्या पहाटे लंडन सोडायचं. नवं घर नेदरलँड्समध्ये. मांजर बरोबर आहे म्हणून विमान नको. फोकस्टनला गाडी रेल्वेत चढवली की 35 मिनिटांत समुद्राखालून कॅले, आणि मनी सगळा वेळ आमच्याजवळ गाडीतच. फेरीबोटीच्या तळात तिला एकटीला ठेवायला माझं मन धजलं नसतं.

1 जानेवारी 2021पासून ब्रिटनमध्ये दिलेला प्राण्यांचा पासपोर्ट युरोपीय संघात चालत नाही. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, नंतर 21 दिवस थांबायचं. शिवाय पोचण्याआधीच्या 10 दिवसांत पशुवैद्यांचा आरोग्य-दाखला. चिपच्या आधी टोचलेली लस धरतच नाहीत. जाचक वाटतं खरं, पण रेबीजची दहशत आपण भारतात पाहिली आहे. मला हे नियम पटतात.

सामानाची यादी अजून चालूच आहे. किमान सहा महिने वापरलेल्या घरगुती वस्तूंना जकात माफ. पोळपाट, कुकर, आईनं दिलेलं पुरणयंत्र. त्याच्यापुढे किंमत काय लिहू? कढवलेलं तूप शेजारी देऊन टाकलं, दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पुस्तकं मागाहून येतील. मागची सीट पूर्ण मनीच्या पिंजऱ्यासाठी ठेवली आहे.